पुलाच्या पायाशी उभं लाल दीपगृह: हडसनकाठच्या जेफ्रीज हुकचा इतिहास आणि तिथे जाताना

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीतल्या फोर्ट लीच्या कड्यावरून पलीकडे पाहिलं की मॅनहॅटनच्या काठावर, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या अगदी पायाशी, एक छोटं लाल दीपगृह दिसतं. समुद्र सोडून नदीत दीपगृह कशाला? ते पुलाआधीचं की नंतरचं? भारतातून आलेल्या सत्तरीतल्या आईवडिलांना ते दाखवायचं तर कसं जावं, आणि आत सोडतात का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं त्यातूनच सुटतं. दीपगृह पुलाच्या आधीचं आहे, पण ते मुळात या जागेचं नाही. १८८० साली ते न्यू जर्सीच्या सँडी हुकवर उभारलं गेलं, १९१७ साली तिथून उतरवलं आणि १९२१ साली इथे आणून पुन्हा जोडलं. पूल खुला झाला १९३१ साली, आणि दीपगृहाचा दिवा सरकारी दप्तरातून गेला १९४८ साली. म्हणजे या काठावर त्याने नोकरी केली ती जेमतेम सत्तावीस वर्षं, त्यातही शेवटची सतरा पुलाच्या झगमगाटाखाली. एवढ्या अल्प सेवेचं दीपगृह अजून उभं आहे, याची कारणं दोन: ते बिडाचं आहे, आणि ते मुलांच्या एका पुस्तकात गेलं.

आता नदीचं. हडसनला नदी म्हणतात, पण कोकणातल्या माणसाला ती एका शब्दात समजेल: खाडी. भरतीचं पाणी न्यूयॉर्क बंदरातून थेट ट्रॉयच्या बंधाऱ्यापर्यंत, सुमारे १५० मैल म्हणजे २४० किलोमीटर, आत चढतं. तिथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच ‘दोन्ही दिशांना वाहणारं पाणी’ असा सांगितला जातो. प्रवाह साधारण दर सहा तासांनी उलटतो. १८२५ साली ईरी सरोवराला हडसनशी जोडणारा ईरी कालवा सुरू झाला आणि या पाण्यावरून पश्चिमेकडच्या धान्यापासून कोळसा, विटा, बर्फापर्यंत सगळं न्यूयॉर्कला येऊ लागलं. हडसनवरचं सर्वांत जुनं टिकलेलं दीपगृह, स्टोनी पॉइंटचं, १८२६ सालचं आहे. कालव्यानंतर वर्षभरातच ते उभं राहिलं हा योगायोग नाही. पुढे नदीभर दीपगृहं झाली. आज त्यातली सात उरली आहेत, आणि खुद्द मॅनहॅटन बेटावर उरलेलं हे एकच.

समुद्रावरचं दीपगृह गलबताला जमीन कुठे लागणार ते लांबून सांगतं. नदीतल्या दिव्याचं काम वेगळं असतं. दोन्ही काठ दिसत असतात, प्रश्न असतो तो कुठल्या टोकाला किती जवळ जायचं याचा. ‘हुक’ हा शब्दही इथे गळ किंवा आकडा या अर्थाचा नाही. न्यूयॉर्क आधी डच वसाहत होती, आणि डच ‘हूक’ म्हणजे कोपरा, टोक. जेफ्रीज हुक हे मॅनहॅटनच्या खडकाचं नदीत घुसलेलं टोक. पात्र इथे आवळतं, म्हणूनच १७७६ साली ब्रिटिश जहाजांना अडवायला अमेरिकनांनी नदीत अडथळे बुडवले ते याच पट्ट्यात, आणि पुढे पुलासाठी जागा निवडली तीही हीच. उलट्या प्रवाहात, रात्री, मागे बार्जची, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांची, रांग ओढत येणाऱ्या बोटीला हे टोक नडायचं.

पहिला उपाय अगदी साधा होता: नदीकडे झुकणारा वीस फुटी लाल खांब. १८८९ साली त्यावर दोन कंदील लावले गेले, प्रत्येकी १० कँडलपॉवरचे. तुलनेसाठी, एक कँडलपॉवर म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा प्रकाश. एवढ्या दिव्यावर बार्जवाल्या कप्तानांचं भागेना, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते अधिक प्रखर दिव्याची मागणी करत राहिले. दरम्यान १८९६ साली आजूबाजूची बरीच जमीन शहराने घेतली आणि तिचं फोर्ट वॉशिंग्टन पार्क झालं. ही गोष्ट पुढे कामी आली, कारण दीपगृह वाऱ्यावर सुटलं तेव्हा त्याच्याभोवती खाजगी गोदी नव्हती, बाग होती.

नदीकाठचे मनोरे इतके बुटके का, असं अनेकांना वाटतं. हिशेब सोपा आहे. दिवा पाण्यापासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचं वर्गमूळ काढून २.०८ ने गुणा, की पृथ्वीच्या गोलाईमुळे तो किती सागरी मैलांपर्यंत दिसू शकतो ते कळतं. हा मनोरा ४० फुटांचा, म्हणजे सुमारे १२ मीटर. दिवा नेमका तेवढ्याच उंचीवर धरला तरी उत्तर येतं सात सागरी मैल, जवळपास १३ किलोमीटर. नदीत यापेक्षा जास्त कशाला? त्याआधीच वळण येतं. भिंगांचंही तसंच. फ्रेनेल भिंगं म्हणजे दिव्याचा प्रकाश एकवटणारी, काचेच्या कड्यांनी बनलेली दीपगृहाची भिंगं. त्यांच्या प्रतवारीत पहिल्या प्रतीचं भिंग दिव्यापासून ९२० मिलिमीटरवर बसतं आणि माणूस त्यात उभा राहू शकतो. सहाव्या प्रतीचं अवघ्या १५० मिलिमीटरवर बसतं. हडसनवरच्या सॉगर्टीजच्या दीपगृहात हे सहाव्या प्रतीचं भिंग होतं. दिवा लहान, भिंग लहान, म्हणून वरची काचेची खोली लहान आणि एकूण मनोराच लहान.

आता हा मनोरा आला कुठून, ते पाहू. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरचं सँडी हुक म्हणजे वाळूची लांबच लांब दांडी. तिथलं मुख्य दगडी दीपगृह १७६४ सालचं, अमेरिकेत अजून चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुनं. ते बांधलं तेव्हा वाळूच्या टोकापासून साधारण पाचशे फुटांवर होतं. आज तेच टोक दीड मैलाच्या आसपास पुढे गेलं आहे, दीपगृह मात्र तिथेच आहे. लाटा दक्षिणेकडून वाळू आणून टोकाला घालत राहतात. अशा जमिनीवर मुख्य दिव्याच्या जोडीला टोकावर छोटे दिवे ठेवावे लागतात, आणि ते हलवता येण्याजोगे असले तर उत्तम. १८८० साली तिथे उभारलेला बिडाचा मनोरा या कामाचा होता. त्याला लुकलुकणारा लाल दिवा आणि धुक्यासाठी १,००० पौंडांची, म्हणजे साडेचारशे किलोची इशारायंत्रणा होती. १९१७ पर्यंत तिथे त्याची गरज संपली आणि तो सुटा करून ठेवला गेला. चार वर्षांनी हडसनवरच्या दिव्यांची सुधारणा निघाली, तेव्हा तयार मनोरा हाताशी होता.

इथे एक दुरुस्ती. ‘१९२१ साली तटरक्षक दलाने दीपगृह बसवलं’ असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. तेव्हा अमेरिकेतली दीपगृहं स्वतंत्र दीपगृह खात्याकडे होती. ते खातं तटरक्षक दलात विलीन झालं १९३९ साली. दिवा बंद करणारे तटरक्षक दलाचे, बसवणारे नव्हेत.

दिवा बॅटरीवर चालायचा, जोडीला धुक्यासाठी घंटा होती, आणि देखरेखीला अर्धवेळ रखवालदार. कुटुंब राहण्याची सोय या मनोऱ्यात कधीच नव्हती. आत गेल्यावर चूल, खाट, नोंदवहीचं टेबल शोधू नका. तसं घर पाहायचं असेल तर सॉगर्टीज किंवा हडसन-अथेन्सला जावं लागतं. घंटा मात्र कमी लेखू नये. दाट धुक्यात नदीवर दिवा बोटीच्या नाकाशी येईपर्यंत दिसत नाही, तेव्हा कप्तान कानावर चालतो.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. तव्याचं, जुन्या शिवणयंत्राच्या पायाचं लोखंड ते हेच. त्यात कार्बन दोन ते चार टक्के असतो. त्यामुळे ते सहज वितळतं, साच्यात नेमका आकार घेतं, दाब भरपूर सोसतं, पण ताण आणि धक्का सोसत नाही. वाकण्याऐवजी तडकतं. एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी ते सोयीचं ठरलं, कारण ओतशाळेत वक्र तक्ते ओतायचे, प्रत्येकाच्या चारही कडांना आतल्या बाजूने काटकोनी कड ठेवायची, त्या कडांना भोकं पाडायची, आणि जागेवर नेऊन बोल्टांनी आवळायचं. दगडी बांधकामाला जिथे हंगामच्या हंगाम लागत, तिथे हा मनोरा लवकर उभा राही, आणि तसाच उलट क्रमाने उतरवताही येई.

उतरवताना क्रम चुकला की तक्ते हातचे जातात. आधी प्रत्येक तक्त्यावर थर आणि क्रमांक घालायचा. तक्ते दिसायला सारखे असले तरी भोकं एकमेकांशी जुळवून पाडलेली असतात, शेजारच्या तक्त्याची अदलाबदल चालत नाही. मग काचा, छप्पर, काचेच्या खोलीचे उभे दांडे, सज्जाचा कठडा, सज्जाची फरशी, आणि शेवटी वरून खाली एकेक थर. गंजलेला बोल्ट हातोड्याने ठोकून काढायचा मोह टाळावा. बोल्ट सुटतो तेव्हा कडही तुटते. कापून किंवा छिद्र पाडून काढणं बरं. पुन्हा उभारताना सगळा खेळ पहिल्या थराचा असतो. तो एका मिलिमीटरने तिरका बसला तर चाळीस फुटांवर फरक दिसतो, आणि मग कामगार बोल्ट जास्त आवळून फट मिटवायला जातात. तिथेच बीड तडकतं. फट पत्र्याच्या पातळ चकत्यांनी भरायची असते, ताकदीने नव्हे.

सांधे बंद करण्याच्या जुन्या पद्धती दोन. एक, जवसाच्या तेलात मळलेला शेंदूर, म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. दुसरी, लोखंडाचा कीस आणि नवसागर ओला करून सांध्यात ठासणं. कीस गंजतो, फुगतो आणि सांधा दगडासारखा होतो. गंजालाच राबवून घेण्याची ही युक्ती फार हुशारीची होती, पण तोच गंज पुढे उलटतो. सांध्यात पाणी शिरत राहिलं की कडा गंजतात, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो, आणि दोन कडा एकमेकींपासून ढकलल्या जाऊन कोपऱ्यात उभी चीर पडते. बिडाच्या मनोऱ्यावर अशी उभी चीर दिसली तर धक्का शोधू नका, वरचा सांधा कुठे गळतोय ते शोधा.

दुसरा रोग जास्त फसवा आहे. खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात करड्या बिडातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि मागे कार्बनचा सांगाडा राहतो. आकार तोच, रंग तोच, पण सुरीचं टोक पेन्सिलीच्या शिशात जावं तसं आत जातं. हडसनचं पाणी या भागात निमखारं आहे. पाऊस कमी झाला की खारं पाणी नदीत आणखी पन्नास-साठ मैल वर सरकतं. म्हणून तळाच्या थराची तपासणी नुसत्या डोळ्यांनी होत नाही. हलक्या हातोडीने वाजवत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथला रंग खरवडून खालचं बीड टोकरून पाहायचं.

तडकलेलं बीड जोडायला वेल्डिंग हा पहिला विचार असतो, आणि बहुधा चुकीचा. जागेवर तक्ता सगळीकडून सारखा तापवता येत नाही, आणि थंड होताना वेल्डच्या शेजारीच नवी चीर जाते. चिरेच्या आडवे धातूचे टाके बसवून थंड अवस्थेत शिवणं हा सुरक्षित मार्ग. तक्ता गेलाच असेल तर नवा ओतायचा, पण जुना तक्ताच साच्यासाठी वापरला तर नवा आखूड निघतो, कारण बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं. कोल्हापूरच्या कुठल्याही ओतकारागिराला हे सांगावं लागणार नाही. वास्तुजतन करणारे मात्र या चुकीत सापडतात, आणि मग भोकं जुळत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक अगदी घरगुती आहे: झडपा बंद करणं. लोखंडी मनोऱ्याच्या छपरावर जो गोळा दिसतो तो शोभेचा नसतो. तो पूर्वी दिव्याचा धूर आणि गरम हवा बाहेर सोडायचा, आणि खालच्या झडपांतून थंड हवा आत ओढली जायची. दीपगृह बंद पडलं की कबुतरं नकोत, टवाळखोर नकोत म्हणून दार, खिडक्या, झडपा सगळं बंद केलं जातं. आत दमट हवा कोंडते, रात्री पत्रा गार पडतो आणि भिंतींवरून पाण्याचे ओघळ सुरू होतात. बाहेर नवा रंग आणि आतून गंज, असं हे दृश्य जगभरच्या बंद लोखंडी दीपगृहांत दिसतं. उपाय स्वस्त आहे: वर-खाली जाळी लावून झडपा उघड्या ठेवा.

रंगाबद्दल थोडंसंच. जुन्या थरांत शिसं असतं असंच धरून चालायचं. खरवडलेली धूळ नदीत किंवा बागेत जाता कामा नये, म्हणून मनोरा आधी गुंडाळून घ्यावा लागतो. धातू उघडा केला की त्याच दिवशी प्रायमर, उद्यावर ढकलायचं नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त असेल तरच रंग लावायचा. नदीकाठी सकाळी हे क्वचित जमतं, त्यामुळे काम दुपारचं. कडा आणि बोल्टांची डोकी आधी ब्रशने, मग बाकीचं, कारण कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. लाल रंग उन्हात सर्वांत आधी खडूसारखा होऊन गुलाबट पडतो, आणि ‘लाल’ हेच नाव असलेल्या वास्तूला तेवढी सूट मिळत नाही.

पुलाकडे येऊ. १९२७ साली काम सुरू झालं, ओथमार अमान यांची रचना, मधला गाळा ३,५०० फुटांचा, तेव्हा जगात सर्वांत लांब. न्यू जर्सीकडचा मनोरा पाण्यात आहे, न्यूयॉर्ककडचा जमिनीवर, नेमका या टोकाच्या डोक्यावर. त्याची उंची ६०४ फूट. म्हणजे एकावर एक पंधरा लाल दीपगृहं. २४ ऑक्टोबर १९३१ रोजी उद्घाटन झालं आणि नदीवर आडवी दिव्यांची माळ लागली. कुठलाही कप्तान आता टोक ओळखायला त्या माळेकडेच पाहणार. तरी दीपगृह लगेच बंद झालं नाही. सतरा वर्षं दोघं शेजारी चालले, आणि १९४८ साली दिवा मालवला.

याच सहजीवनावर १९४२ साली ‘द लिटल रेड लाइटहाउस अँड द ग्रेट ग्रे ब्रिज’ हे मुलांचं पुस्तक आलं. लेखिका हिल्डगार्ड स्विफ्ट, चित्रं लिंड वॉर्ड यांची. त्यात नव्या अजस्र पुलापुढे आपण कुचकामी झालो असं दीपगृहाला वाटतं, आणि पूलच त्याला सांगतो की तुझी गरज संपलेली नाही. सरकारी निर्णय सहा वर्षांनी अगदी उलटा आला. पण १९५१ साली तटरक्षक दलाने मनोरा लिलावात काढायचं ठरवलं, तेव्हा ते पुस्तक वाचून वाढलेली मुलं आणि त्यांचे आईबाप शांत बसले नाहीत. बिडाला मोडीत भाव असतो, आणि बोल्ट काढले की मनोरा सुटा होतो. ज्या गुणामुळे तो इथवर आला, त्याच गुणामुळे तो सहज भंगारात गेला असता. २३ जुलै १९५१ रोजी तो शहराच्या उद्यान विभागाला मिळाला. १९७९ साली राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नाव लागलं, १९८६ साली नवा काँक्रीटचा पाया, नवी पोलादी दारं आणि विजेची दुरुस्ती झाली, १९९१ साली शहराचा संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. २००० साली मूळ छटेचा लाल रंग लागला आणि २००२ साली दिवा पुन्हा लावला गेला.

आता जायचं कसं. भुयारी रेल्वेने जायचं तर ‘1’ किंवा ‘A’ मार्गाच्या गाडीने १८१ व्या रस्त्याचं स्थानक. तिथून पश्चिमेला रस्ता संपेपर्यंत चालायचं, महामार्गावरचा पादचारी पूल ओलांडायचा आणि उतारावरून वळणावळणाने, रेल्वेमार्ग पार करून नदीकाठी यायचं. मग पुलाच्या दिशेने दक्षिणेला. अंतर कमी आहे, पण उतार चांगलाच आहे आणि परतताना तोच चढ. सत्तरीतल्या माणसांसाठी हा मार्ग सुचवणार नाही. त्याऐवजी ‘1’ मार्गाच्या गाडीने १५७ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरा, नदीकाठच्या हिरव्या वाटेवर या आणि उत्तरेकडे चाला. मॅनहॅटनमध्ये वीस आडवे रस्ते म्हणजे साधारण एक मैल, त्यामुळे अंतर दीड किलोमीटरच्या थोडं पुढे जातं, पण वाट बरीचशी सपाट. सायकली वेगात येतात, उजवी बाजू सोडू नका. गाडी दीपगृहापर्यंत जात नाही. गुडघे साथ देत नसतील तर फोर्ट लीच्या कड्यावरच्या ऐतिहासिक उद्यानातून दुर्बिणीने पाहणं हा मुळीच कमीपणा नाही. पूल आणि दीपगृह यांचं प्रमाण तिथून जास्त नीट कळतं.

बाहेरून पाहायला बाग उघडी असेल तेव्हा कधीही जाता येतं. आतला प्रवेश रोजचा नाही. उद्यान विभागाचे रेंजर ठरावीक दिवशी फेऱ्या नेतात, ऑक्टोबरमधल्या ‘ओपन हाउस न्यूयॉर्क’च्या शनिवार-रविवारीही दार उघडलं गेलेलं आहे. निघण्याआधी उद्यान विभागाचं त्या महिन्याचं वेळापत्रक पाहणं एवढाच खात्रीचा मार्ग. आत जिना अरुंद आणि लोखंडी, एका वेळी थोडीच माणसं मावतात. पाठीवरची मोठी बॅग खाली ठेवा, साडी असेल तर जपून, चप्पल नको.

आत सोडलं तर खिडकीतून बाहेर पाहण्याआधी भिंतीकडे पाहा. तक्त्यांच्या आतल्या कडा आणि बोल्टांच्या रांगा तिथेच उघड्या दिसतात. सँडी हुकहून आलेला माल तो हाच. बाहेर असाल तर तळाकडे पाहा, बीड संपून काँक्रीट सुरू होतं तिथे पाणी साचतं का ते. आणि एक गंमत समुद्री क्षेत्रातल्या मराठी वाचकांसाठी: अमेरिकेत समुद्राकडून आत येताना लाल खुणा उजव्या हाताला ठेवायच्या असतात, भारतात आणि युरोपात डाव्या हाताला. हडसनमध्ये वर जाताना हे लाल दीपगृह उजव्या हातालाच येतं. मुंबई बंदरात मुरलेला डोळा इथे क्षणभर चकतो.

एक दिवस जास्तीचा असेल तर नदीनेच उत्तरेकडे सरका. टॅरीटाउनचं १८८३ चं दीपगृहही बिडाचंच, पण पाण्यातल्या पायावरचं आणि राहत्या घराचं. दोन्ही पाहिली की एकाच धातूचे दोन उपयोग समजतात. हडसन-अथेन्स, १८७४ सालचं, नदीच्या मधोमध आहे. त्याच्या पायाखालच्या लाकडी खांबांभोवतीची माती मोठ्या जहाजांच्या पंख्यांनी धुऊन निघाली. चिखलात गाडलेलं लाकूड शतकभर टिकतं, उघडं पडलं की कुजतं. त्यामुळे २०२४ साली अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या अकरा ऐतिहासिक स्थळांत त्याचं नाव आलं.

मुक्काम करायचा तर सॉगर्टीज. न्यूयॉर्कपासून शंभरेक मैल, इसोपस ओढ्याच्या मुखाशी, १८६९ सालचं विटांचं घर आणि वर दिवा. १९५४ साली स्वयंचलित होऊन ते ओस पडलं, १९८६ साली स्थानिकांच्या संस्थेने विकत घेतलं, १९९० साली दिवा परत लागला. आता तिथे खोली घेऊन राहता येतं, पण मोजक्याच खोल्या आहेत आणि आरक्षण फार आधी करावं लागतं. नुसतं पाहायला अर्ध्या मैलाची दलदलीतून जाणारी पायवाट आहे. मोठ्या भरतीला तिच्यावर पाणी येतं. भरती-ओहोटीचा तक्ता सॉगर्टीजचाच पाहायचा, न्यूयॉर्क बंदराचा नव्हे, कारण भरती तिथे काही तास उशिरा पोहोचते. ओहोटीच्या आसपास निघा, आणि परतीची वेळ जातानाच ठरवून ठेवा.